अनीच्या टी-शर्टाचा वास

४ जानेवारी, रविवार

चिक्कीच्या दुकानातून यंदा आम्हा पॅकिंगच्या बायकांना एकेक डायरी मिळाली. माझ्या शेजारी बसणाऱ्या रतननं तिची जाऊबाईला देऊन टाकली. मी ठेवून घेतली, कारण माझ्या डोक्यात सतत काहीतरी भुणभुणत असतं आणि घरात ते ऐकायला कुणी रिकामं नाही. हे पर्यटकांची गाडी चालवतात, घरी आले की झोपतात. सासूबाईंना काही सांगावं तर कार्ल्यात गावभर होतं. अनीला तर सांगायचंच नाही, कारण भुणभुण तिच्याबद्दलचीच असते.

अनी म्हणजे अनिता, माझी एकुलती. बारावी झाली आणि पोलीस भरतीचं मनावर घेतलं. पहाटे निलेश सरांच्या अकॅडमीत जाते. मैदानावर पळणं, गोळाफेक, मधूनच एकवीरेच्या पायऱ्या पळत चढणं. फेब्रुवारीअखेर मैदानी चाचणी आहे म्हणतात. त्यात निघाली तर ठीक, नाहीतर सासूबाईंच्या मनात सुदुंबऱ्याचं एक स्थळ आहे. जमीन आहे, मुलगा कंपनीत आहे, आणि मुलाच्या आईला नोकरी करणारी सून नकोय.

आज शेजारच्या सवितानं कुंपणावरून सांगितलं, की सरांनी अनीला सगळ्या पोरींसमोर उभं करून ‘कपडे धुऊन घालत जा’ म्हणून सुनावलं. वास येतो म्हणे. सविताची पुतणी मागच्या रांगेत पळते, तिला मळमळतं म्हणे. अनी मला एका शब्दानं बोलली नाही. मला आधी राग आला, मग भीती वाटली. पोर मानी आहे. असं पुन्हा झालं तर ग्राउंड सोडून घरी बसेल, आणि घरी बसली की सुदुंबरे फार लांब नाही.

६ जानेवारी, मंगळवार

कपडे मी धुते, म्हणजे वासही माझाच. अकॅडमीचे टी-शर्ट त्या निसरड्या कापडाचे. घाम पितात आणि सोडत नाहीत. काल पावडर दुप्पट घातली, कढत पाण्यात भिजवले, शेवटच्या पाण्यात ते फुलांच्या वासाचं निळं कंडिशनर सढळ हातानं ओतलं. दोरीवर बाग फुलली. आज अनी पळून आली तेव्हा बाग आणि बोकड दोन्ही एकदम घरात शिरले.

वर ट्रॅकपँटचं इलॅस्टिक कढत पाण्यानं सैल पडलं. कमरेवर राहीना, अनीनं पिन लावली.

९ जानेवारी, शुक्रवार

मोबाईलवर एका बाईंचा व्हिडिओ पाहिला. पावडर जास्त झाली की धुऊन निघत नाही, कापडात बसते आणि वास धरून ठेवते. कंडिशनरचा मेणासारखा थर चढतो, मग पाणी आत जातच नाही. म्हणजे इतके महिने मी वासाची जोपासना करत होते.

उपाय स्वस्तातला निघाला, वाण्याकडचं पांढरं व्हिनेगर. कपडे आल्याआल्या उलटे करायचे, पिशवीत कोंबून ठेवायचे नाहीत. अर्धी बादली गार पाण्यात वाटीभर व्हिनेगर घालून अर्धा तास बुडवायचे, मग थोड्याच पावडरीत धुवायचे. त्यात ब्लीच कधी मिसळू नका, विषारी वायू होतो, असंही त्या म्हणाल्या. ते ऐकून मी मोरीतली ब्लीचची बाटली उचलून माळ्यावर टाकली. तरी झोपताना मला सगळं घर बेशुद्ध पडलेलं दिसत होतं. मी आहेच भित्री. ह्यांची गाडी घाटात असली की मी टीव्हीवर बातम्या लावत नाही.

१२ जानेवारी, सोमवार

“आई, मला चायनीजच्या गाडीचा वास येतोय,” अनी म्हणाली.

“घामापरीस बरा.”

“भूक लागते गं त्यानं.”

भूक तर तिला हल्ली कशानंही लागते. भाकऱ्यांची चवड संपते, वर माझ्या पिशवीत हात घालते. दुकानात वड्या कापताना तुकडे पडतात, ते आम्हाला घरी न्यायला मिळतात. शेंगदाण्याची, तिळाची, राजगिऱ्याची, सगळ्या चिक्कीचा चुरा. तिला मी तो रोज आणते. एवढं पळायचं तर अंगात गूळ गेला पाहिजे.

वास निम्मा गेला, काखेत राहिला. तिथं आता खायच्या सोड्याचा लेप लावते. व्हिनेगरात एकत्र घालायचा नाही, फसफसून दोन्ही वाया जातात. आधी लेप, मग धुणं, मग व्हिनेगरचं पाणी, मग भरपूर साधं पाणी. एक टी-शर्ट असा करून उन्हात उलटा टाकला. संध्याकाळी नाकाला लावला तर नुसतं ऊन. मला इतका आनंद झाला की सासूबाईंनाही हुंगायला लावला.

१५ जानेवारी, गुरुवार

संक्रांत झाली. अनीनं तिळगूळ असा खाल्ला की मला डबा उचलून ठेवावा लागला. तरी गालफडं बसलीत. निलेश सर रस्त्यात भेटले, खुशीत होते. “मावशी, अनिता हलकी झालीय आता. हिचं टायमिंग लय सुधारंल बघा.” कपड्यांबद्दल काही बोलले नाहीत. मी मनात व्हिनेगरला हात जोडले.

पण सुख मला पचत नाही. अनी रात्रीची उठते. एकदा नाही, सारखी. मागच्या दारानं बाहेर मोरीकडे जाते, येते, घटाघटा पाणी पिते, झोपते, परत उठते. मोबाईल उशाशीच ठेवते. कुणाशी बोलायला जात असेल? मी डोळे मिटून पडून राहते आणि कान देते. बोलणं ऐकू येत नाही. हळू बोलत असेल.

ट्रॅकपँटला आज मुंग्या लागल्या होत्या. मोरीच्या कोपऱ्यातही मुंग्यांची रांग आहे. खिशात चिक्की ठेवते ही बया. खिसे उलटे करून झटकले, काही पडलं नाही, पण चुरा बारीक असतो, दिसत नाही.

१८ जानेवारी, रविवार

नवा वास आलाय.

घामाचा नव्हे. अनी पळून आली, टी-शर्ट तिनं डोक्यावरून ओढून काढला आणि माझ्या हातात दिला. गळ्याशी गोड-आंबट असा वास होता, काळ्या पडलेल्या केळ्यांसारखा, आणि त्यात ते नखांचा रंग पुसायच्या औषधाचं काहीतरी. मी म्हटलं व्हिनेगर राहिलं असेल. माझंच धुणं अर्धवट. आज सगळे कपडे परत काढले आणि पाण्यातून इतक्या वेळा पिळले की मनगटं भरून आली.

२० जानेवारी, मंगळवार

वास परत आला. दुकानात वड्या गुंडाळता गुंडाळता रतनला सांगितलं. तिनं हातातली वडी खाली ठेवली.

“शालन, आसा वास माज्या दिराला यायचा. सकाळधरनं. जवळ गेलं की पिकल्यालं केळ.”

तिचा दीर दारूनं गेला. मी म्हटलं, माझी पोर एकोणीस वर्षांची आहे, पहाटे उठून पळते.

“पळती म्हणून काय झालं? तितं पोरं असत्यात की. इचार तिला.”

विचारू कसं? ती हो म्हणाली तर मी काय करू? घरी आल्यावर ती अंघोळीला गेल्याचं बघून तिची बॅग उपसली. पाण्याच्या तीन मोठ्या बाटल्या, तिन्ही रिकाम्या. ग्लुकोजचं पाकीट. चिक्कीचे कागद. मी प्रत्येक बाटली हुंगली. काही नाही. म्हणजे लपवते तरी कुठं?

ह्यांना सांगितलं तर हात उगारतील आणि उद्याच सुदुंबऱ्याला निरोप जाईल. म्हणून सांगितलं नाही.

२३ जानेवारी, शुक्रवार

अनी आज पळण्यात शेवटची आली. पायऱ्यांवर उलटी झाली. सरांनी बाजूला बसवलं आणि ग्लुकोज पाजून घरी पाठवलं. म्हणाले, वजन फार उतरलं, आता ताकद कमवायची, खायला घाला. येऊन पडली ती उठलीच नाही. सासूबाईंनी मीठ-मोहरी उतरवून चुलीत टाकली.

“पोरीला दिष्ट लागलीया. कशी वाळली बघ. तुज्या त्या धुलाईच्या नादात पोरीकडं ध्यान न्हाई तुजं.”

मला झोंबलं. माझं ध्यान तिच्याशिवाय दुसरीकडं आहे कुठं? उसाचा रस आणला तांब्याभर. तिनं उभ्या उभ्या संपवला आणि आणखी मागितला. चला, पोटात काही जातंय.

जवळ बसून तिचा हात दाबत होते, तर तोच वास. उलटीमुळे असेल. तोंड फिरवून उठले. मला आता तिच्याजवळ बसायची भीती वाटते. वास आला तर विचारावं लागेल.

२५ जानेवारी, रविवार

उद्या अकॅडमीत झेंडावंदन आहे. सगळ्यांनी अकॅडमीच्या टी-शर्टात यायचं, सरपंच येणार. अनी म्हणते जाणारच, उभं तर राहायचंय. मी म्हटलं, जा.

पण माझ्या मनात वेगळंच आहे. आज तिचा एकच टी-शर्ट घेतला आणि माझं सगळं शास्त्र त्यावर चालवलं. सोडा, थोडी पावडर, व्हिनेगर, मग साधं पाणी, पाणी, पाणी. दिवसभर उन्हात. सुकल्यावर काखेत, गळ्याशी, पाठीला, सगळीकडे नाक लावलं. रतन आज मुद्दाम आली होती, तिलाही दिला. तिलाही काही वास आला नाही. घडी करून मी तो धुतलेल्या स्टीलच्या डब्यात ठेवलाय, झाकण लावून. कपाटाचा, चुलीचा, माझा, कुणाचाच वास लागायला नको.

सकाळी मी स्वतः तिच्या हातात देणार आहे. वास कपड्याचा आहे का नाही, ते एकदाचं कळू दे.

२७ जानेवारी, मंगळवार. तळेगाव, हॉस्पिटल

काल लिहिता आलं नाही. आज लिहिते, कारण आत जाऊ देत नाहीत आणि हातांना दुसरं काम नाही. अनीच्या चपला आणायला हे घरी गेले होते, त्यांच्याकडून त्याच पिशवीत डायरीही मागवून घेतली. चपला कशाला मागवल्या मी, ती उठत तर नाहीये.

काल सकाळी डबा उघडला. टी-शर्ट तिला दिला. तिनं घातला, बुटाची नाडी बांधायला वाकली, नाडी तिला सापडेना. मी खाली बसून बांधायला लागले. तिचं तोंड माझ्या कपाळाशी होतं. आणि वास आला. भपकन. त्या कपड्यात काही नव्हतं, माझी खात्री होती, मी देवासमोर शपथ घेतली असती. वास तिच्या तोंडातून येत होता, श्वासाश्वासाला.

मी उठले आणि तिच्या थोबाडीत मारली.

“कवापासनं पितीस?”

ती रडली नाही. भिंतीला धरून उभी होती आणि धाप टाकत होती, डोंगर चढून आल्यासारखी, आणि ती तर अजून घराबाहेरही पडली नव्हती. “आई,” म्हणाली, “मला तू नीट दिसंना गं.” मग खाली बसली. मग आडवी झाली.

दारूनं असं होत नाही. एवढं मला त्या क्षणी कळलं आणि त्यापुढचं काहीच कळलं नाही. मी ओरडले असणार, कारण सविता कुंपण ओलांडून आली. हे महाबळेश्वरला भाडं घेऊन गेलेले. सवितानं निलेश सरांना फोन लावला आणि ते झेंडावंदन टाकून गाडी घेऊन आले. गावातला दवाखाना सुट्टीचा बंद. हायवेला लागायच्या आधी फाट्यावरच अडकलो. जोडून सुट्ट्या, लोणावळ्याकडं जाणाऱ्या गाड्यांनी दोन्ही बाजू भरलेल्या. अनी मागच्या सीटवर माझ्या मांडीवर होती. पोट दुखतं म्हणत होती, मग तेही म्हणेनाशी झाली. श्वास मात्र मोठा मोठा, खोल, भात्यासारखा. सगळ्या गाडीत तो वास भरला. सर खाली उतरले आणि बोनेटवर हात आपटत, लोकांना शिव्या घालत गाड्या मागं घ्यायला लावल्या. ह्या माणसाला मी मनात किती बोलले होते.

इथं आल्यावर डॉक्टरीणबाईंनी आधी तिच्या तोंडाजवळ नाक नेलं. मी बघतच राहिले. बोटाला सुई टोचून रक्ताचा थेंब छोट्या मशीनला लावला. मशीनवर आकडाच येईना, साखर त्याच्या मापाच्या वर होती. मग बाईंनी मला विचारायला सुरुवात केली.

“पाणी जास्त पीत होती का?”

“व्हय.”

“रात्री लघवीला उठायची?”

रात्री ती त्यासाठी उठत होती. “व्हय.”

“वजन उतरलं?”

मला ती पिन आठवली. इलॅस्टिकला काही झालं नव्हतं.

“काय खात होती?”

मी चिक्की म्हणाले. तिळगूळ म्हणाले. उसाचा रस म्हणाले. मी आणून देत होते, म्हणाले. बाई मला रागावल्या नाहीत. रागावल्या असत्या तर बरं झालं असतं. म्हणाल्या, “चिक्कीनं हा आजार झालेला नाही. शरीरात इन्सुलिन बनायचंच थांबलं की असं होतं, कुणाच्याही मुलाला होतं. पण त्यानं रक्तात विष झालंय आता, श्वासाचा वास त्याचाच. पुढचे दोन दिवस काही सांगता येणार नाही.”

सासूबाईंचा फोन आला होता. “साखरंचा रोग म्हाताऱ्यांचा आसतो, पोरीला कसा हुईल? त्यास्नी नीट बघाया सांग.” मी फोन ह्यांच्याकडे दिला.

२८ जानेवारी, बुधवार

शुद्धीवर नाही. काचेतून दिसते. नळ्या आहेत. अकॅडमीचा टी-शर्ट नर्सनं कात्रीनं कापून काढला आणि पिशवीत घालून माझ्याकडे दिला. मी ती पिशवी उघडलेली नाही.

ती गेली तर शेवटचं मी तिला काय दिलं, हे मला ठाऊक आहे. दुसरं काही लिहायला सुचत नाही.

२९ जानेवारी, गुरुवार

सकाळी डोळे उघडले. पाणी मागितलं. पाणी मागितलं म्हणून मी इतकी घाबरले की नर्सला हाक मारली. नर्स म्हणाली, अहो मावशी, तहान सगळ्यांनाच लागते.

मला आत सोडलं. अनीचा आवाज घोगरा झालाय.

“झेंडावंदन झालं?”

“झालं.”

“तू मारलंस तेवढं आठवतंय मला. पुढचं काही नाही.”

मी तिच्या पायाशी बसून रडले. किती वेळ ते माहीत नाही. माफी मागायची राहूनच गेली. ती म्हणाली, “आई, उशी भिजवू नको, बदलायला ते लय वेळ लावतात.”

३ फेब्रुवारी, मंगळवार

घरी आलो. इंजेक्शन आता जन्मभर, दिवसातून चार वेळा. अनी स्वतः घेते, पोटाला चिमटा काढून. मी बघू शकत नाही आणि बघितल्याशिवाय राहू शकत नाही. यंदाची मैदानी चाचणी हुकली. पुढं भरतीत घेतात का नाही, ते सर विचारून सांगणार आहेत. सुदुंबऱ्याच्या लोकांना कुणीतरी कळवलं, त्यांचा फोन बंद झाला. सासूबाई संध्याकाळी म्हणाल्या, “बरं झालं, माणसं कळली.” एवढं त्यांच्या तोंडून ऐकून मला चहा गोड लागला, आणि चहात साखर नव्हती.

मी कामाला गेले नाही. गुळाचा पाक उकळतानाचा तो वास नुसता आठवला तरी नाक दाबून धरते. रतन म्हणते, चार दिवसांत जाईल. कामाला न जाऊन भागणार आहे थोडंच.

१० फेब्रुवारी, मंगळवार

एक लिहून टाकते. पहाटे अनी उठायच्या आधी मी तिच्या तोंडाजवळ नाक नेते. रोज. वास नसतो. तरी उठून चार कामं केली की परत जाते. डॉक्टरीणबाईंनी मशीन दिलंय, आकडे दिलेत, हे सगळं मला समजतं. पण आकड्यावर माझा भरवसा बसत नाही. मला जे कळलं ते नाकानं कळलं, आणि कळूनही मी चुकीचंच समजले.

२२ फेब्रुवारी, रविवार

डॉक्टरीणबाईंनी हळूहळू पळायला हरकत नाही म्हणून सांगितलं. मी म्हटलं, हरकत माझी आहे. दोन दिवस घरात अबोला होता. हे म्हणाले, जाऊ दे तिला. ह्यांना म्हणायला काय जातं, हे गाडीत असतात.

आज पहाटे ती तयार होऊन दाराशी आली. मी आधीच दारात उभी होते.

“मशीनवर बघितलंय,” ती म्हणाली. “इंजेक्शन घेतलंय. खाल्लंय. साखरेच्या गोळ्या खिशात आहेत. मला काय झालं तर काय करायचं ते सरांना पाठ आहे.”

“दाखव गोळ्या.”

दाखवल्या. मी दारातून हलले नाही. मग ती पुढं आली, माझ्या दोन्ही खांद्यांवर हात ठेवले, माझ्याहून उंच आहे म्हणून जरा वाकली, आणि माझ्या तोंडावर सावकाश श्वास सोडला.

“घे. चोरून कशाला घेतीस?”

पोह्यांचा वास होता. कांद्याचा. झोपेचा शिळा वास.

“दात घासले न्हाईस?”

“आल्यावर घासते. पेस्ट लावली की तुला कळायचं नाही.”

मी म्हटलं, परत सोड. तिनं परत सोडला. मग मी दारातून बाजूला झाले.